रिकामी खुर्ची

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

शेजारी राष्ट्रांनी आपला कारभार एकत्र करावा, ही कल्पना ऐकायला जितकी गोड तितकीच व्यवहारात अवघड. आपल्याकडे दोन चुलतभावांची एक सामाईक विहीर असते आणि तिच्या पाण्याच्या पाळ्या ठरवण्यात दोन पिढ्या कोर्टाच्या पायऱ्या झिजवतात. मग ज्यांनी सत्तर वर्षांत तीनदा एकमेकांवर फौजा घातल्या, त्यांनी एकत्र कारभार कसा करायचा? पश्चिम युरोपातल्या सहा देशांनी तो करून पाहिला. आजचा युरोपीय संघ त्यातूनच उभा राहिला. ही गोष्ट बहुतेक वेळा शांततेचा विजय म्हणून सांगितली जाते आणि ते खोटंही नाही. पण मला तिच्यात रस आहे तो एका जरा कटकटीच्या प्रश्नामुळे. सगळ्यांनी मिळून कारभार करायचा ठरलं आणि एखाद्याला निर्णय पटला नाही, तर शेवटचा शब्द कुणाचा?

गोष्टीची सुरुवात मी एका फसलेल्या प्रयत्नापासून करतो. १६ जून १९४० हा रविवार होता. दोनच दिवसांपूर्वी पॅरिस जर्मन फौजांच्या हाती पडलं होतं. फ्रान्सचं सरकार मजल दरमजल करत बोर्दो शहरात येऊन थांबलं होतं आणि लढत राहायचं की हत्यार खाली ठेवायचं, यावर मंत्रिमंडळात उभी फूट पडली होती. त्या दुपारी लंडनमध्ये चर्चिल यांच्या युद्धमंत्रिमंडळानं एक मसुदा मंजूर केला. यापुढे ब्रिटन आणि फ्रान्स ही दोन राष्ट्रं राहणार नाहीत, त्यांचा एकच संघ होईल. प्रत्येक फ्रेंच माणूस ब्रिटिश नागरिक ठरेल आणि प्रत्येक ब्रिटिश माणूस फ्रेंच नागरिक. संरक्षण, परराष्ट्र व्यवहार आणि अर्थव्यवहार सामाईक, युद्ध चालू असेपर्यंत मंत्रिमंडळही एकच! हा मसुदा लंडनहून टेलिफोनवर फ्रेंच पंतप्रधान पॉल रेनो यांना वाचून दाखवला तो एका उंचपुऱ्या, ४९ वर्षांच्या फ्रेंच सेनाधिकाऱ्यानं. त्याचं नाव शार्ल द गॉल. हे नाव लक्षात ठेवा. या गोष्टीत तो पुन्हा येणार आहे, आणि अगदी उलट्या बाजूनं.

रेनो यांना मसुद्यानं हुरूप आला, पण त्यांच्या सहकाऱ्यांना नाही. ब्रिटिश आपल्याला वसाहत करायला निघालेत, अशी काहींना शंका आली. मार्शल पेताँ आणि त्यांच्या गोटाला तर ब्रिटनही आज ना उद्या हरणार याची खात्री होती. बुडत्या जहाजाला आपली नाव कशाला बांधायची? त्याच संध्याकाळी रेनो यांनी राजीनामा दिला. द गॉल रात्री विमानानं बोर्दोला उतरले तेव्हा ज्यांच्यासाठी ते निरोप घेऊन आले होते ते पंतप्रधानच उरले नव्हते. दुसऱ्या दिवशी सकाळी ते लंडनला परत गेले. दोन राष्ट्रांचा हा संघ जेमतेम एक दुपार टिकला.

या मसुद्याच्या मागे असलेल्या मंडळींत झाँ मोने नावाचे एक गृहस्थ होते. कोन्याक गावच्या ब्रँडीच्या व्यापाऱ्याचा हा मुलगा. सोळाव्या वर्षी शाळा सोडून इंग्रजी शिकायला आणि धंदा समजून घ्यायला लंडनला गेला. पुढं बारा गावचं पाणी प्यालेला हा माणूस. पहिल्या महायुद्धात फ्रान्स आणि ब्रिटनची मालवाहू जहाजं एकत्र नियोजनाखाली आणण्याच्या कामात तो होता. नंतर राष्ट्रसंघाचा उपसरचिटणीस झाला. मोने आयुष्यात कधी निवडणुकीला उभे राहिले नाहीत. कोणत्या पक्षाचे नेते नव्हते, फर्डे वक्तेही नव्हते. कोणत्या मंत्र्याच्या टेबलावर कोणत्या घटकेला कोणता कागद ठेवायचा, ही त्यांची विद्या. एकोणीसशे चाळीसचा त्यांचा कागद फार मोठा होता आणि फार उशिरा आला होता. दहा वर्षांनी त्यांनी दुसरा कागद लिहिला. त्यात राष्ट्रं एक करण्याची भाषा होती ती शेवटच्या ध्येयापुरती. हातात घ्यायचं काम म्हणून त्यात फक्त दोन जिनसा होत्या, कोळसा आणि पोलाद.

याच दोन का, हे समजायला नकाशा पाहावा लागतो. जर्मनीच्या रूर खोऱ्यात उत्तम कोळसा. शेजारी फ्रान्सच्या लोरेनमध्ये लोहखनिज. दोन्हींच्या मध्ये सार हा कोळशाचा छोटा प्रदेश. पोलाद गाळायचं तर एकाला दुसऱ्यावाचून गत्यंतर नाही, आणि त्या काळी तोफा, रणगाडे, जहाजं ज्यातून बनत ते हेच पोलाद. म्हणून हा पट्टा कधी याच्याकडं, कधी त्याच्याकडं. आल्सेस आणि लोरेनचा काही भाग १८७१ मध्ये जर्मनीकडं गेला, १९१८ मध्ये फ्रान्सकडं आला, १९४० मध्ये पुन्हा जर्मनीनं घेतला आणि युद्धाच्या अखेरीस पुन्हा फ्रेंच झाला. तिथली म्हातारी माणसं घर न बदलता चार वेळा देश बदलून बसली होती. १९२३ मध्ये युद्धाची नुकसानभरपाई वसूल करायला फ्रान्सनं रूरमध्ये फौज घातली. त्यानं भरपाई फारशी मिळाली नाही, जर्मनांच्या मनातली अढी मात्र पक्की झाली. दुसऱ्या युद्धानंतर पुन्हा तोच प्रश्न उभा होता. जर्मनीचे कारखाने बंद ठेवावेत तर सगळा युरोप उपाशी, आणि चालू करावेत तर फ्रान्सची झोप उडालेली.

या घडीला ज्यांच्या हाती सत्ता होती ती माणसं मोठी विलक्षण होती. फ्रान्सचे परराष्ट्रमंत्री रॉबर्ट शुमान १८८६ मध्ये लक्झेंबर्गमध्ये जन्मले. वडील लोरेनचे, म्हणून मुलगा जन्मानं जर्मन नागरिक. शिक्षण बॉन, म्युनिक, बर्लिन आणि त्या वेळी जर्मन असलेल्या स्ट्रासबुर्गमध्ये. वकिली मेत्स शहरात. पहिलं महायुद्ध संपलं तेव्हा ते फ्रेंच झाले आणि फ्रेंच संसदेत निवडून आले. इटलीचे पंतप्रधान दे गास्पेरी जन्मले ते ऑस्ट्रियाच्या साम्राज्यात. तरुणपणी ते व्हिएन्नाच्या संसदेचे सदस्य होते. जर्मनीचे चॅन्सेलर आडेनॉर हे ऱ्हाईनकाठच्या कोलोनचे महापौर राहिलेले. तिघंही कॅथलिक, तिघंही काठावरच्या मुलखातले, आणि तिघांनाही जर्मन येत असे. दुभाष्याशिवाय बोलता येणं ही राजकारणात लहान गोष्ट नाही, असं मला इतिहास वाचताना वारंवार वाटत आलं आहे.

एप्रिल १९५० च्या अखेरीस मोने यांचा कागद शुमान यांच्या हाती पडला तो पॅरिसच्या स्टेशनावर, ते सुटीसाठी आपल्या गावी निघाले असताना. सोमवारी ते परतले आणि आपण हे काम अंगावर घेतो असं त्यांनी सांगितलं. त्यानंतरचे आठ दिवस सगळं गुपचूप. मेच्या दुसऱ्या आठवड्यात लंडनमध्ये अमेरिकन आणि ब्रिटिश परराष्ट्रमंत्र्यांशी बैठक होती आणि जर्मनीचं पोलाद वाढवू द्यायचं का, यावर फ्रान्सला काहीतरी बोलावं लागणार होतं. ९ मेच्या सकाळी शुमान यांचा खास माणूस बॉनला आडेनॉर यांच्याकडं चिठ्ठी घेऊन गेला. इकडं पॅरिसमध्ये मंत्रिमंडळाची बैठक चालू होती आणि शुमान होकाराची वाट पाहत बसले होते. होकार आला, तेव्हाच त्यांनी सहकाऱ्यांपुढं विषय काढला. संध्याकाळी परराष्ट्र खात्याच्या इमारतीत घाईघाईनं पत्रकारांना बोलावलं. घाई इतकी, की छायाचित्रकारांची सोयच राहून गेली. आज आपण पाहतो तो शुमान निवेदन वाचत असल्याचा फोटो नंतर मुद्दाम पुन्हा बसून काढलेला आहे. इतिहासातल्या प्रसिद्ध फोटोंबद्दल थोडं सावध असावं, ते यासाठी.

प्रस्ताव असा होता की फ्रान्स आणि जर्मनीचं सगळं कोळसा-पोलादाचं उत्पादन एका सामाईक उच्चाधिकार मंडळाखाली ठेवायचं आणि इतर देशांना दार उघडं ठेवायचं. इटली, बेल्जियम, नेदरलँड्स आणि लक्झेंबर्ग आले. ब्रिटन आला नाही. तिथल्या मजूर सरकारनं कोळशाच्या खाणींचं तीनच वर्षांपूर्वी राष्ट्रीयीकरण केलं होतं, पोलादाचं चाललं होतं. इतक्या कष्टानं लोकांच्या मालकीचं केलेलं परक्या मंडळाच्या हाती द्यायचं, हे डरहॅमच्या खाणकामगारांच्या गळी कोण उतरवणार? आज ब्रिटनला अनेक जण नावं ठेवतात, पण त्या कामगाराच्या जागी उभं राहून पाहिलं तर तो नकार मला वेडेपणाचा वाटत नाही.

सहा देशांचा करार १८ एप्रिल १९५१ ला पॅरिसमध्ये झाला. कागद डच, शाई जर्मन, छपाई फ्रेंच, रेशमी फीत इटलीची, अशी त्याच्या प्रतीची हौस केली होती. आतला मजकूर मात्र हौसेचा नव्हता. मोने यांना हवं होतं ते नऊ जणांचं उच्चाधिकार मंडळ. या नऊ जणांनी आपापल्या देशाकडून आदेश घ्यायचे नाहीत. घोडं अडलं ते लहान देशांपाशी. डच आणि बेल्जियन म्हणाले, नऊ तज्ज्ञांवर लगाम कुणाचा? त्यांच्या आग्रहामुळं मंत्रिपरिषद आली, म्हणजे प्रत्येक सरकारचा एक मंत्री. त्याशिवाय ७८ सदस्यांची सभा आणि सात न्यायाधीशांचं न्यायालय. म्हणजे शेवटचा शब्द कुणाचा, हे भांडण पहिल्याच करारात घुसलं होतं. फक्त कुणी ते तोंडानं बोलत नव्हतं.

कार्यालय कुठं ठेवायचं यावरही मंत्री रात्रभर भांडले. बेल्जियम लीएजचा हट्ट सोडेना. शेवटी पेंगुळलेल्या मंत्र्यांना लक्झेंबर्गचे जोसेफ बेक म्हणाले, तात्पुरतं आमच्याकडं सुरू करा. १० ऑगस्ट १९५२ ला मोने यांच्या अध्यक्षतेखाली लक्झेंबर्गमध्ये काम सुरू झालं. पुढच्या वर्षी कोळसा-पोलादाच्या उत्पादनावर मंडळानं थेट कर बसवला. कोणत्याही एका देशाच्या तिजोरीत न जाणारा हा युरोपचा पहिला कर. त्यातून कामगारांची घरं, नव्या कामाचं शिक्षण अशी कामं झाली.

पण या मंडळाची धाव किती, हेही लवकरच दिसलं. बेल्जियमच्या खाणींत तेव्हा हजारो इटालियन मजूर होते. १९४६ च्या एका करारानं इटलीनं माणसं द्यायची आणि बेल्जियमनं कोळसा, असा सौदा झाला होता. ८ ऑगस्ट १९५६ ला मार्सिनेलच्या खाणीत आग लागली. २६२ माणसं मेली, त्यांतली १३६ इटालियन. कोळसा सामाईक, बाजार सामाईक, मग खाणीतल्या माणसाच्या जिवाचे नियम सामाईक का नसावेत? परिषद भरली, सुरक्षा आयोगही झाला, पण सरकारांना सूचना करणारा. सक्तीचा अधिकार सरकारांनी आपल्या मुठीतून सोडला नाही. तीन वर्षांनी, खनिज तेल स्वस्त झाल्यानं कोळशाचे ढीग पडून राहिले, तेव्हा मंडळानं आणीबाणीचे अधिकार मागितले. मंत्रिपरिषदेनं सरळ नकार दिला.

मधल्या काळातल्या दोन-तीन गोष्टी भराभर सांगून टाकतो. सामाईक सेना उभारण्याचा करार फ्रेंच संसदेनंच ३० ऑगस्ट १९५४ ला फेटाळला. कल्पना फ्रान्सची आणि तिचा गळा घोटणाराही फ्रान्स. सारच्या लोकांना १९५५ मध्ये विचारलं, तुमचा प्रदेश युरोपच्या देखरेखीखाली ठेवू का? दोनतृतीयांश लोकांनी नको म्हटलं, आणि १९५७ च्या पहिल्या तारखेला सार जर्मनीत गेला. फ्रान्सनं तो निमूटपणे जाऊ दिला, ही मला या सबंध काळातली सर्वांत बोलकी घटना वाटते. मग २५ मार्च १९५७ ला रोमचा करार होऊन सहा देशांची सामाईक बाजारपेठ ठरली. त्या समारंभात मंत्र्यांनी सह्या केल्या त्या बाडातली बहुतेक पानं कोरी होती, कारण मजकूर वेळेत छापून झाला नव्हता.

रोमच्या करारात एक कलम पुढच्या तारखेचं होतं. मंत्रिपरिषदेत फ्रान्स, जर्मनी, इटली यांना प्रत्येकी ४ मतं, बेल्जियम आणि नेदरलँड्सला २, लक्झेंबर्गला १. एकूण १७, त्यांतली १२ पडली की ठराव मंजूर. मात्र बऱ्याच विषयांत ही पद्धत १ जानेवारी १९६६ पासून लागू होणार होती. तोपर्यंत सगळे एकमतानं. त्या दिवसानंतर शेतीमालाच्या भावासारख्या प्रश्नावर एखाद्या देशाचा पराभव होऊ शकणार होता. आणि १९५८ मध्ये फ्रान्समध्ये सत्तेवर कोण आलं? आपले बोर्दोचे द गॉल.

एकोणीसशे चाळीसमध्ये दोन राष्ट्रांचा एक संघ टेलिफोनवरून वाचून दाखवणारा हाच माणूस, आता राष्ट्राच्या सार्वभौमत्वावर कुणी बोट ठेवलं की उसळायचा. याला कुणी विसंगती म्हणेल. मला तसं वाटत नाही. बुडणाऱ्या फ्रान्सला वाचवायला त्यांना संघ चालत होता. सावरलेल्या फ्रान्सला त्यांच्या मते त्याची गरज नव्हती. दोन्ही वेळा त्यांच्यापुढं फ्रान्सच होता.

समोर होते बाजारपेठेच्या आयोगाचे अध्यक्ष वाल्टर हालश्टाइन. जर्मन कायदेपंडित, शिस्तीचे, हुशार, आणि थोडे मानाचे भुकेले. परदेशी राजदूत आले की ते लाल गालिचा अंथरून, थेट राष्ट्रप्रमुखासारखे त्यांची अधिकारपत्रं स्वीकारत. पॅरिसला हे खुपत होतं. मार्च १९६५ मध्ये हालश्टाइन यांनी एक जुडगा प्रस्ताव आणला. सामाईक शेतीधोरणाला पैसा लागतो; तर सीमेवरची जकात थेट ब्रुसेल्सच्या तिजोरीत जावी, आणि त्या पैशावर युरोपीय संसदेला जास्त अधिकार मिळावेत. शेतीचा पैसा फ्रान्सला हवाच होता. त्याबरोबर बाकीचंही फ्रान्स गिळील, असा त्यांचा हिशेब. शिवाय सरकारांच्या आधी त्यांनी तो संसदेपुढं बोलून दाखवला. इथं ते फसले.

३० जून ही शेवटची मुदत होती. अशा मुदतींवर या मंडळींचा एक ठरलेला तोडगा असे. १९६१ चं वर्ष संपताना शेतीवर तडजोड होत नव्हती, तेव्हा त्यांनी सभागृहातलं घड्याळ ३१ डिसेंबरवर थांबवलं आणि १४ जानेवारीपर्यंत वाटाघाटी चालू ठेवल्या. कागदोपत्री तोपर्यंत नवं वर्ष लागलंच नव्हतं! या वेळी अध्यक्षस्थानी फ्रान्सचेच परराष्ट्रमंत्री कूव द म्यूरव्हिल होते. मध्यरात्र उलटली, तडजोड दिसेना. सगळ्यांना वाटलं, आता घड्याळ थांबणार. पहाटे दोनच्या सुमारास त्यांनी बैठक मोडल्याचं जाहीर केलं आणि ते उठले. काही दिवसांतच फ्रान्सनं ब्रुसेल्समधला आपला कायमचा प्रतिनिधी परत बोलावला. मंत्रिपरिषदेत फ्रान्सची खुर्ची रिकामी पडली, ती सात महिने.

सप्टेंबरमध्ये द गॉल यांनी पत्रकार परिषदेत खरं दुखणं बोलून दाखवलं. शेतीचा पैसा हे निमित्त होतं. बहुमतानं फ्रान्सवर काही लादलं जाईल, हे त्यांना मान्यच नव्हतं.

त्या सात महिन्यांत उरलेले पाच काय करत होते, हा भाग इतिहासाच्या पुस्तकांत दोन ओळींत उरकला जातो. मला तो सगळ्यांत शिकण्यासारखा वाटतो. ते बैठका भरवत राहिले. फ्रान्सची खुर्ची त्यांनी उचलून नेली नाही आणि फ्रान्सच्या गैरहजेरीत मोठे नवे निर्णयही घेतले नाहीत. अंदाजपत्रकासारखं अडून चालणार नाही ते काम लेखी पद्धतीनं कागद फिरवून उरकलं. दुसऱ्या बाजूला फ्रान्सनंही १ जानेवारी १९६६ ला ठरलेली जकातीतली कपात वेळेवर केली. भांडण चालू आणि विहिरीवरची मोटही चालू!

दरम्यान द गॉल यांना घरातूनच धक्का बसला. डिसेंबर १९६५ मध्ये अध्यक्षपदाची निवडणूक होती. ब्रुसेल्सच्या शेतीधोरणावर फ्रेंच शेतकऱ्याचं भलं अवलंबून होतं. त्यांच्या सर्वांत मोठ्या संघटनेनं द गॉल यांना मत देऊ नका असं सांगितलं. युरोपच्या बाजूनं बोलणाऱ्या लेकान्युए नावाच्या उमेदवाराला १५ टक्क्यांहून जास्त मतं पडली. देशाचा तारणहार म्हणवणाऱ्या द गॉल यांना पहिल्या फेरीत ५० टक्के गाठता आले नाहीत. दुसऱ्या फेरीत ते जिंकले, पण चालत आलेला तोरा राहिला नाही.

जानेवारी १९६६ मध्ये सहा मंत्री भेटले ते लक्झेंबर्गमध्ये, कारण ब्रुसेल्सची पायरी चढायला फ्रान्स तयार नव्हता. आयोगाला बोलावलंच नाही. फ्रान्सनं आयोगाच्या वागणुकीबद्दल दहा कलमांची यादी आणली होती. त्यांतली सात सौम्य करून मान्य झाली. राजदूतांची अधिकारपत्रं यापुढं परिषदेच्या आणि आयोगाच्या अध्यक्षांनी मिळून स्वीकारायची, हे त्यांतलंच एक. हालश्टाइन यांचा गालिचा गुंडाळला गेला, आणि पुढच्या वर्षी तेही गेले.

मूळ प्रश्नावर मात्र एकमत होईना. २९ जानेवारीच्या रात्री जो मजकूर ठरला तो थोडक्यात असा. एखाद्या देशाचं अतिशय महत्त्वाचं हित गुंतलं असेल, तर सर्वांना पटेल असा तोडगा वाजवी वेळात शोधण्याचा सगळे प्रयत्न करतील. फ्रान्सचं म्हणणं असं की अशा वेळी एकमत होईपर्यंत चर्चा चालूच राहिली पाहिजे. तोडगा निघालाच नाही तर काय करायचं, याबद्दल सहा देशांत मतभेद आहेत, याची नोंद घेण्यात येते. आणि या मतभेदामुळं नेहमीचं काम पुन्हा सुरू होण्यात अडथळा येत नाही.

म्हणजे काय ठरलं? काहीच नाही. ठरलेलं नाही एवढंच सहा देशांच्या मंत्र्यांनी मिळून लिहून ठेवलं आणि ते जेवायला गेले. वकिलानं हा कागद पाहिला तर तो हसेल. त्याला कराराचं बळ नव्हतं. न्यायालयात त्याच्या आधारे कुणी दाद मागितली असती तर ती मिळालीही नसती. तरी त्या कागदानं युरोपचा पुढचा पंधरा-वीस वर्षांचा कारभार ठरवला. मतदानाचा अधिकार करारात होता, पण मतदान घ्यायला कुणी धजेना.

याची किंमत मोठी होती, हेही सांगायला हवं. प्रत्येक गोष्ट एकमतापर्यंत रेटायची म्हणजे प्रत्येकाला काहीतरी द्यायचं. एका देशाच्या दुधाला भाव वाढवून द्यायचा तर दुसऱ्याच्या दारूला आणि तिसऱ्याच्या धान्यालाही. त्यातून लोण्याचे डोंगर आणि दारूची तळी साचली. ती पोसायला पैसा सामान्य करदात्याचा. सत्तरच्या दशकात कारभार इतका सुस्तावला की त्याला लकवा झाल्याचं लोक बोलू लागले. ज्यांना द गॉल यांची चाल मुत्सद्देगिरी वाटते त्यांनी हा हिशेबही मांडावा.

कोंडी फुटली ती अशाच एका भावाच्या प्रश्नावर. १९७३ मध्ये आत आलेल्या ब्रिटननं मे १९८२ मध्ये शेतीमालाची दरवाढ अडवून धरली. महत्त्वाच्या हिताचं कारण सांगितलं, पण खरा रोष आपल्या वर्गणीबद्दल होता. अध्यक्षपदी बेल्जियम होतं. त्यानं सरळ मत घेतलं. ब्रिटन, डेन्मार्क आणि ग्रीस मतदानात उतरले नाहीत; ठराव मंजूर झाला. फ्रान्सनंही ब्रिटनच्या विरोधात मत टाकलं, ही त्यातली गंमत. तीन वर्षांनी मिलानच्या शिखर बैठकीत इटलीचे पंतप्रधान क्राक्सी यांनी करार सुधारण्यासाठी परिषद बोलवावी का यावर चक्क मतदान घेतलं. मार्गारेट थॅचर संतापल्या. तरीही त्या परिषदेला गेल्या, कारण त्यांना व्यापाराचे अडथळे हटवायचे होते, आणि एकेका देशाच्या नकारानं ते कधीच हटले नसते. १९८७ पासून बाजारपेठेच्या बहुतेक विषयांत बहुमताचा नियम प्रत्यक्षात आला.

आपल्याकडं याचं उलटं टोक दिसतं. १९८५ मध्ये स्थापन झालेल्या सार्कच्या सनदेत प्रत्येक निर्णय एकमतानं घ्यायचा आणि दोन देशांमधले वादग्रस्त विषय चर्चेलाच घ्यायचे नाहीत, असं लिहिलेलं आहे. भांडण दाराबाहेर ठेवायचं, हा त्यामागचा शहाणपणा. पण दाराबाहेर ठेवलेलं भांडण दारातच बसून राहिलं. २०१४ च्या काठमांडू बैठकीनंतर शिखर परिषद भरलेली नाही.

कोळसा-पोलादाचा करार पन्नास वर्षांचा होता. तो २३ जुलै २००२ ला मुदत संपून विसर्जित झाला. बाहेर पडण्याचं कलम ना त्यात होतं, ना रोमच्या करारात. ते २००९ च्या लिस्बन करारात आलं आणि त्याच वाटेनं ब्रिटन ३१ जानेवारी २०२० ला बाहेर पडला. सहाचे सत्तावीस झाले. बहुतेक विषयांत आता ५५ टक्के देश आणि ६५ टक्के लोकसंख्या असा दुहेरी हिशेब चालतो. परराष्ट्र धोरण, कर, नव्या सदस्यांचा प्रवेश यांना मात्र एकमतच लागतं.

म्हणून १४ डिसेंबर २०२३ चा प्रसंग मला मोठा मजेचा वाटला. ब्रुसेल्समध्ये शिखर बैठक होती. युक्रेनशी सदस्यत्वाच्या वाटाघाटी सुरू करायच्या का, हा विषय. सव्वीस जण तयार, हंगेरीचे तेव्हाचे पंतप्रधान ओर्बान ठाम विरोधात. तासन् तास गेले. मग जर्मनीचे तेव्हाचे चॅन्सेलर शोल्त्स यांनी त्यांना सुचवलं, की तुम्ही जरा बाहेर कॉफी घेऊन या. ओर्बान उठून बाहेर गेले. त्यांना बाजूनं मत द्यावं लागलं नाही आणि विरोधातही द्यावं लागलं नाही. खुर्ची पुन्हा रिकामी झाली, पण या वेळी काम अडवायला नव्हे, ते होऊ द्यायला. सव्वीस जणांनी निर्णय घेऊन टाकला. त्याच रात्री युक्रेनला ५० अब्ज युरोंची मदत देण्याचा विषय निघाला तेव्हा ओर्बान खुर्चीतच बसून राहिले आणि मदत अडली. ती सुटायला १ फेब्रुवारी २०२४ उजाडावी लागली.